जनी, बहिणा आणि बाकीच्या : आख्यायिका-सूचीच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

कोरा तक्ता आज उभा राहिला. रकाने असे : संत, प्रसंग, ठिकाण, पहिला लेखी उल्लेख, कुणाकडून ऐकला, शेरा. व्याप्ती तेराव्या ते सतराव्या शतकातल्या मराठी संतस्त्रियांपुरती. महदाइसा, मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा, सखू, बहिणाबाई, वेणाबाई. अभंगांच्या सूच्या आधीच झालेल्या आहेत, त्यात हात घालायचा नाही. आपल्याला गोष्टी हव्यात. कुणाला स्वप्नात कोण दिसलं, कुणाच्या घरी देव कोणतं काम करून गेला, कुणावर कसला आळ आला आणि तो कसा फिटला. वाचनालयाच्या संकेतस्थळावर हे सगळं शोधता येईल असं टाकायचं आहे.

ताईंनी एक रकाना हट्टाने घालायला लावला : ‘खरे / खोटे / शंकास्पद’. मला तो आत्ताच डोळ्यांत खुपतोय. पण संपादनाची जबाबदारी त्यांची, म्हणून ठेवला.

६ जून

पहिलाच गुंता गोवऱ्यांचा.

जनाबाईची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कबीर तिची कीर्ती ऐकून पंढरपूरला येतो. बघतो तर दोन बायका गोवऱ्यांवरून हमरीतुमरीवर आलेल्या. त्यातलीच एक जनी, हे कळल्यावर त्याचा विरस होतो. जनी त्यालाच निवाडा करायला बसवते. एकेक गोवरी कानाला लाव, जिच्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ येईल ती माझी.

आता दुसरी गोष्ट. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. साल १३३८. नामदेव हाडं वेचायला गेले. त्या ढिगात चोखोबांची कुठली, हे कसं ओळखायचं? कानाला लावून. ज्या हाडांतून विठ्ठलनाम आलं ती पंढरपूरला आणली, महाद्वारासमोर समाधी दिली.

गोवरी काय नि हाड काय, युक्ती तीच. दोन्ही गोष्टी पंढरपूरच्या, एकाच पिढीतल्या, आणि दोन्हींत ज्याला शिवायला लोक कचरतात अशी वस्तू कानाशी न्यायची. त्यामुळे सांगताना सरमिसळ होणारच. आपल्याकडे आलेल्या एका ध्वनिमुद्रणात चोखोबांची हाडं चक्क जनीने ओळखली आहेत. नामदेवांचा पत्ताच नाही.

कबिराचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. जनीची समाधी नामदेवांबरोबरची, म्हणजे १३५० ची मानतात. कबीर पंधराव्या शतकातला. भेट होणं शक्य नाही. ताईंच्या रकान्यात ‘खोटे’ लिहून मोकळं होता येईल. पण मग हाडांच्या गोष्टीपुढे काय लिहू? तिथे सालं जुळतात, म्हणून हाड बोललं हे ‘खरे’? दोन्हीकडे रकाना रिकामा सोडला.

शेऱ्यात माझ्यापुरतं लिहून ठेवलं : गोष्टीला साक्षीदार बाहेरचा आणि वजनदार हवा होता. गावातल्या कुणी ऐकलं असतं तर भागलं नसतं. काशीच्या कबिराने शेणाच्या गोवरीला कान लावला की दासीच्या भक्तीवर शिक्कामोर्तब होतं.

१० जून

पंढरपूरजवळचं गोपाळपूर. जनीचं जातं म्हणून इथे दाखवतात, बायका त्याला हात लावून नमस्कार करतात. मला जास्त मिळालं ते बाहेर ओट्यावर बसलेल्या एका आजींकडून. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. विचारलं, आजी, देव जनीबरोबर दळायला बसायचा म्हणजे नेमका कसा?

त्यांनी फरशीवर बोटाने गोल काढला, मध्ये तोंडाचं टिंब, कडेला खुंटा. गोलाच्या एका अंगाला बसल्या, एक पाय लांब सोडला, दुसरा दुमडला. मग समोरच्या रिकाम्या जागेवर तळहात आपटला.

“ही जागा बघ पोरी. हितं जाऊ बसती, न्हाईतर नणंद. जनीला कोण व्हतं? एकटीनं वढलं की खांदा जातो. म्हणून त्यो बसला.”

खुंटा एकच, त्यावर हात दोघींचे, एकीचा वर, एकीचा खाली. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे दाणे, मात्र एकीनेच घालायची, दोघी घालायला लागल्या की पीठ जाडंभरडं येतं. मग वैरण कोण घालायचं, देव की जनी? आजींना हा प्रश्न भलताच आवडला. “जनीच. त्याला कुठलं ठावं किती घालायची!”

छापील गोष्टींत देव जनीला ‘मदत करतो’ एवढंच असतं. आजींच्या गोष्टीत तो एका ठरलेल्या जागेवर येऊन बसतो, आणि ती जागा बाईची आहे.

११ जून

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून देव बाईच्या जागी आला असे सगळे प्रसंग तक्त्यात एकाखाली एक लावून पाहिले.

सोयराबाईचं बाळंतपण : चोखोबा बहिणीला आणायला गेलेले, घरात कुणी नाही. विठ्ठल नणंद होऊन, निर्मळेच्या रूपात येतो, सगळं उरकून जातो. खरी निर्मळा मागाहून पोचते. सखू : कऱ्हाडची सासुरवाशीण, सासरच्यांनी वारीला जाऊ नये म्हणून खांबाला बांधलेली. विठ्ठल सखू होऊन स्वतःला बांधून घेतो आणि सुनेची कामं करतो. जनीची धुणी : चंद्रभागेवर एक म्हातारी येऊन कपडे धुऊन देते आणि नाहीशी होते. आणि जातं.

नणंद, सून, शेजारीण, जाऊ. ज्या घरात जे माणूस कमी, तेच होऊन देव आला. या गोष्टी एकमेकींत मिसळतात त्या कुठे मिसळतात हेही आता दिसायला लागलं. एका ध्वनिमुद्रणात ‘जनीला सासूने खांबाला बांधलं’ असं आहे. जनीला सासू कुठली? ती गंगाखेडची पोर, बापाने लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आणून सोडलेली, जन्मभर नामदेवांच्या घरची दासी. पण सांगणाऱ्या बाईच्या लेखी कामाने पिचलेली बाई म्हणजे सासुरवाशीण, आणि तिचं नाव जनी. सखूची गोष्ट १९४१ च्या प्रभातच्या चित्रपटाने घरोघर नेली खरी, तरी जात्यावर बसल्यावर ओठांवर जनीच येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात जनी आहे ती संत म्हणून कमी, जोडीदारीण म्हणून जास्त.

यावरून एक नियम धरला. गोष्ट दुसऱ्या संतस्त्रीच्या नावावर गेली असेल तर ती ओळ पुसायची नाही. वेगळी ओळ करायची आणि दोन्ही ओळी दुव्याने जोडायच्या.

१६ जून

यंत्राशी झटापट. गाथेच्या मजकुरात ‘जनी’ शोधायला सांगितलं तर भजनी, रजनी, सजनी, पूजनी सगळ्या धावत आल्या. शिवाय ‘जनीं वनीं’ मधला जनीं, म्हणजे लोकांमध्ये. अनुस्वार काही छापील प्रतींत आहे, काहींत उडालेला. अखेर मुद्रेचा शब्द, म्हणजे अभंगात रचणाऱ्याने गुंफलेलं स्वतःचं नाव, शेवटच्या चरणात असेल तरच धरायचा अशी अट घातली, तेव्हा गर्दी ओसरली.

ती ओसरल्यावर खरा घोळ वर आला. जनीचे अभंग नामदेवांच्या गाथेत राहिले, कारण त्या घरात सगळेच रचत : आई गोणाई, बायको राजाई, सुना, मुलं. जनीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ‘नामयाची जनी’, ‘दासी जनी’, नुसतं ‘जनी म्हणे’ अशा वेगवेगळ्या मुद्रा. त्यात ‘जनी जनार्दन’ ही मुद्रा कुठे आली तर ती मुळात बाईची नाही. ते एकनाथांचे गुरुबंधू, जनार्दनस्वामींचे शिष्य, सोळाव्या शतकातले. यंत्राला दाढी दिसत नाही, त्याने त्यांनाही जनाबाईच्या पंक्तीला बसवलं.

‘नामा’चंही तेच. संत नामदेव चौदाव्या शतकातले, विष्णुदास नामा एकनाथांच्या काळातला, आणि दोघांच्या रचना शतकानुशतकं एकमेकांत मिसळलेल्या. नामाच दोन असतील तर ‘नामयाची जनी’ यातला नामा प्रत्येक वेळी कोणता, हे कुणी छातीठोक सांगू नये. थालीपाक, हरिश्चंद्राख्यान अशी आख्यानंही जनीच्या नावावर आहेत. त्यांची भाषा आणि ‘देव खाते देव पिते, देवावरी मी निजते’ म्हणणारीची भाषा एकाच तोंडची वाटत नाही. हे माझं मत, शेऱ्यात माझ्या नावानेच टाकलंय.

आणखी एक बारकावा. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’ यात जनी स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखी बोलते. ‘देवावरी मी निजते’ मध्ये ‘मी’ आहे. पहिला अभंग ऐकणाऱ्याला गोष्ट देतो, दुसऱ्यातून गोष्ट काढताच येत नाही, तिथे नुसता अनुभव आहे. लोकांनी आख्यायिका रचल्या त्या सगळ्या पहिल्या प्रकारावर.

१९ जून

पालख्या निघाल्या, फोनवर संतांच्या चित्रांचा पाऊस. ‘संत बहिणाबाई’ असं लिहिलेल्या चित्राखाली ‘अरे संसार संसार’. हे दर वर्षी होतं. संत बहिणाबाई १६२८ ते १७००, तुकोबांची शिष्या, समाधी शिऊरला. बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१, जळगावजवळच्या असोद्याच्या, शेतकरी कवयित्री. त्यांची गाणी १९५२ साली छापून आली. त्यांच्या मुलाचं नाव सोपानदेव, त्यामुळे एका उत्साही माणसाने त्यांना मुक्ताबाईच्याही घरात नेऊन बसवलं होतं. मुक्ताबाईचंही तसंच : १८५५ साली निबंध लिहिणारी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे वेगळी, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हा गोंधळ नुसत्या नावाचा. त्यासाठी मुखपृष्ठावर दोन ओळींची सूचना पुरे.

२३ जून

बहिणाबाई. आजचा सगळा दिवस तिच्यावर गेला आणि जायलाच हवा होता, कारण या सगळ्या बायकांत स्वतःचं आयुष्य क्रमाने सांगणारी हीच एक. बाकीच्यांच्या गोष्टी आपण दुसऱ्यांकडून ऐकतो. ही स्वतः बसून सांगते, अभंगांत.

देवगावची, वेरूळच्या बाजूची. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. घरावर कर्ज आणि भाऊबंदकीचं संकट आलं म्हणून सगळं कुटुंब रातोरात बाहेर पडलं, फिरत फिरत कोल्हापूरला पोचलं. तिथे एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला, दानात आलेली गाय मिळाली, गायीला वासरू झालं. ते वासरू बहिणाच्या मागे मागे. पाण्याला गेली तर पाण्याला, कीर्तनाला गेली तर कीर्तनाला. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी फार, कुणीतरी वासराला बाहेर काढलं. स्वामींनी ते परत आत आणवलं, वासराच्या आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ही बातमी नवऱ्यापर्यंत गेली. त्याने तिला मारलं, बांधून घातलं. गायवासराने चारापाणी टाकलं.

वासरू मरतानाचा प्रसंग वाचताना थबकायला होतं. ‘मूकं करोति वाचालं’ हा श्लोक कुणी म्हणतं आणि उरलेला भाग वासराच्या तोंडून येतो, असं बहिणा सांगते. पैठणच्या रेड्याची आठवण कुणाला येणार नाही? ज्ञानदेवांनी वेद बोलवले त्या वेळी मुक्ताबाईही तिथेच होती. त्यामुळे रेडा आणि वासरू यांचा दुवा तक्त्यात दिला. पण फरक मोठा आहे. रेड्याची गोष्ट भर सभेतली, वाद जिंकण्यासाठीची. वासरू जिंकायला काही बोलत नाही, ते मरायला टेकलंय, आणि ऐकणारी शुद्ध हरपायच्या बेतात.

वासरू गेल्यावर ती बेशुद्ध पडते. पुढे तिच्या तोंडी विठ्ठलाबरोबर तुकोबांचा ध्यास, कारण कीर्तनात त्यांची पदं ऐकलेली. आणि मग स्वप्न. तिथी ती वारासकट देते : कार्तिक वद्य पंचमी, रविवार. तुकोबा आले, मस्तकी हात ठेवला, कानात मंत्र सांगितला, हाती पुस्तक दिलं.

आता हे तुकोबांच्याच स्वप्नाशेजारी ठेवून वाचायचं. त्यांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘राम कृष्ण हरी’ दिला, तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. तिथेही मस्तकी हात. शिवाय गुरूंनी जेवणाला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नात राहून गेलं, ही तुकोबांची रुखरुख. पुढे पिंपळनेरच्या निळोबांनाही तुकोबांचा उपदेश स्वप्नातच, त्यांच्या पश्चात. संतचरित्रकार महिपतींचे गुरूही तुकोबा, तेही स्वप्नातले. सांगणारे बुवा या सगळ्यांचं मिळून एकच स्वप्न करतात. एका कीर्तनात मी बहिणाबाईच्या स्वप्नात पावशेर तूप ऐकलंय.

तरी बहिणाचं स्वप्न या रांगेत वेगळं पडतं. निळोबा आणि महिपती यांना तुकोबा स्वप्नाबाहेर कधी भेटणार नव्हते. बहिणाला स्वप्न पडलं तेव्हा तुकोबा देहूत हयात होते, रोज कीर्तन करत होते. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू केला म्हणून नवरा तिला टाकून निघाला, आजारी पडला, वळला, आणि तोच तिला घेऊन देहूला गेला. स्वप्नात पाहिलेला माणूस तिने समोर पाहिला. अशी पडताळणी इतर कुणाच्याच स्वप्नाला मिळालेली नाही.

ताईंच्या रकान्यात ‘शंकास्पद’ लिहायला हात धजत नाही. तिला स्वप्न पडलं यात शंका कसली घ्यायची?

२७ जून

मंबाजीचा, म्हणजे देहूतल्या तुकोबांच्या वैऱ्याचा, मार.

सर्वत्र सांगतात ती गोष्ट महिपतींची. तुकोबांची म्हैस मंबाजीच्या बागेत शिरली, कुंपणाच्या काट्यांवरून भांडण झालं, मंबाजीने काटेरी फोकांनी तुकोबांना झोडलं. रात्री मंबाजी कीर्तनाला दिसला नाही तेव्हा तुकोबा त्याच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणत त्याचं अंग चेपून दिलं.

बहिणाबाई देहूत होती तेव्हाची तिची स्वतःची गोष्ट निराळी. मंबाजीला हे जोडपं आपलं शिष्य व्हायला हवं होतं, ते तुकोबांकडे जातात याचा राग. त्याने बहिणाची गाय पळवून बांधून ठेवली आणि बदडली. वळ उठले तुकोबांच्या पाठीवर.

जनावर दोन्हीकडे, मंबाजी दोन्हीकडे, तुकोबांची पाठ दोन्हीकडे. ऐकणाऱ्यांनी एकात एक मिसळली नाही तरच नवल. पण म्हशीची गोष्ट राहिली आणि गायीची मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. म्हशीच्या गोष्टीत तुकोबांची क्षमा हा विषय आहे, बहिणाबाईची गरजच नाही. गायीच्या गोष्टीत गाय तिची आहे. कोल्हापूरचं वासरू गेलेलं, पोटात मूल, नवऱ्याचा भरवसा आत्ता कुठे बसतोय, आणि गोठा रिकामा. ती पाठीवरचे वळ सांगते तेव्हा ती त्याच गावात राहणारी बाई आहे. महिपतींचा जन्म १७१५ चा, म्हणजे बहिणाबाई जाऊन पंधरा वर्षं झालेली.

दोन ओळी, दुवा, आणि गायीची ओळ वर.

१ जुलै

ताईंशी सकाळी खडाजंगी. त्यांचं म्हणणं : वाचकाला हवं असतं ते खरं काय नि खोटं काय. तुम्ही ते सांगितलं नाही तर सूची करून काय साधलं? माझं म्हणणं : हाड बोललं की नाही ते आपण सांगू शकत नाही, पण हाड बोललं असं कुणी, किती वर्षांनी, कुणाकडून ऐकून लिहिलं ते नक्की सांगू शकतो.

ताईंना पटवायला लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथातला चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, उपयोगी पडलं. महदाइसेच्या ओळी भरताना ते उघडलेलंच होतं. चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी ही म्हातारी, स्वामीच तिला जिज्ञासक आणि चर्चक म्हणायचे. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री. तिच्या लीळा म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या शेवटी गोळा केल्या त्या जे जे प्रसंगी हजर होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा ज्यांना पाठ होती त्यांच्याकडून पुन्हा लिहून काढली. हिराइसा ही त्यांतली एक बाई, तिचा पाठ तिच्या नावाने ओळखला जातो. रामेश्वरबास, परशरामबास यांचं म्हणणं वेगळं असेल तर तेही पोथीत नोंदलेलं. कुणालाही खोटं ठरवून खोडलेलं नाही. अमक्याचं म्हणणं असं, अमकीचं असं.

सातशे वर्षांपूर्वी पंथातल्या लोकांनी आपल्या प्रत्यक्ष देवाच्या बाबतीत हे केलं, मग आपल्याला कसली अडचण?

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “बरं. पण सालं लिहायचीच. सालाशिवाय एकही ओळ जाणार नाही.” कबूल.

‘खरे / खोटे’ उडवला. त्याजागी दोन रकाने : ‘सांगणारा’ आणि ‘अंतर’. अंतर म्हणजे प्रसंग आणि पहिली नोंद यांत किती वर्षं. बहिणाच्या स्वप्नापुढे ‘स्वतः’. जनीवर देवाचं पदक चोरल्याचा आळ आला त्या गोष्टीपुढे, महिपतींच्या भक्तविजयाची नोंद धरली तर, चारशेच्या वर, कारण तो ग्रंथ १७६२ चा. महिपतींनी मात्र आपण हे कुणाकडून घेतलं ते लपवलेलं नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांची नावं ते स्वतः घेतात. ताहराबादच्या कुलकर्ण्याला दप्तर चोख ठेवायची सवय होतीच.

५ जुलै

पूर्वजन्म. हा रकान्यात कुठे बसवायचा?

बहिणाबाईने अंतकाळी मुलाला आपले आधीचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. कुठल्या जन्मी कुठे होते, कोण भेटलं, हे अभंगांतून क्रमवार येतं. जनीच्या परंपरेतही जन्म आहेत, पण ते युगांचे : नामदेव प्रल्हाद होते, अंगद होते, उद्धव होते, आणि जनी प्रत्येक वेळी त्यांच्या आसपास. पद्मिनी, मंथरा, कुब्जा. एका भजनी मंडळाच्या वहीत ‘जनीचे बारा जन्म’ सापडले, म्हणजे बहिणाचा आकडा जनीला चिकटला.

दोन्हींची जात वेगळी आहे. जनीच्या जन्मांत पुराणातली माणसं आहेत, कुबडी कुब्जाही आहे आणि घर फोडणारी मंथराही आहे, ज्या दासीला मोठ्यांच्या गोष्टीत जागा नाही तिला तिथे हक्काची जागा करून दिलेली. बहिणाच्या जन्मांत पुराण नाही. साध्या घरांतल्या मुली आहेत, बहुतेक तरुणपणी संपलेल्या. बारा वेळा अर्धवट राहिलेलं तेराव्यांदा पुरं झालं असा तिचा हिशेब, आणि तो ती बहात्तराव्या वर्षी मांडते.

‘सांगणारा : स्वतः’. ‘अंतर’ रकान्यात काय लिहू ते ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “जन्म लिही.” हे विनोदाने की गंभीरपणे, कळलं नाही. तसंच लिहिलं.

उद्या आषाढी. काम बंद.

१० जुलै

नवे रकाने चालतात का ते दोन ओळींवर तपासलं.

पदकाची चोरी. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात आला, तिथेच डोळा लागला, पहाटे गडबडीत स्वतःचा शेला समजून तिची वाकळ पांघरून गेला आणि पदक विसरला. काकड्याला पुजारी पाहतात तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. जनीवर आळ, वाळवंटात सूळ, सुळाचं पाणी झालं. महिपतींकडे असं. गोपाळपूरच्या आजींच्या शेजारणीने मात्र सुळाला पालवी फुटली असं सांगितलं होतं. ती पालवी कान्होपात्रेची असावी असा माझा कयास : मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायी प्राण सोडला, आणि देवळात दक्षिण दाराशी तिला पुरलं तिथे तरटीचं झाड उगवलं. ते झाड दाखवतात, पाणी दाखवता येत नाही. ज्या बाईने ते झाड येता-जाता पाहिलं तिच्या गोष्टीत सुळाला पानं फुटणारच. दोन ओळी, दोन सांगणारे, दुवा कान्होपात्रेकडे. छान बसलं.

वेणाबाई तितकी सरळ गेली नाही. मिरजेची बालविधवा, रामदासांची शिष्या, त्यांनी जिला उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली ती. लोक नाही नाही ते बोलायला लागले म्हणून घरच्यांनी विष दिलं, ती ते प्यायली, समर्थांच्या कृपेने वाचली. मीरेला राण्याने पाठवलेला विषाचा प्याला इथे समोर येतोच. ताईंना वेणाबाईच्या ओळीत मीरेचा दुवा हवा आहे. माझं म्हणणं, मीरा आपल्या व्याप्तीत नाही, आणि दुवा दिला की वाचणारा लगेच म्हणणार, हं, म्हणजे तिकडून उचललेली. राजघराण्यातला प्याला वेगळा आणि मिरजेच्या माजघरात घरच्यांनीच पुढे केलेली वाटी वेगळी. ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्या मिरजेच्याच बाई, त्यांनी मीरेचं नावही घेतलं नव्हतं. त्यांना पुन्हा फोन करून विचारायचं ठरलं, तोवर दुवा नाही.